गाव सुटतं, पण ओढ का सुटत नाही? नेमकं काय धरून ठेवतं?

आडवाट

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोन वाजला, गावाकडचा नंबर. इतक्या उशिरा गावाकडून फोन म्हटलं की आधी पोटात गोळाच येतो. पलीकडे शेजारचे आबा. "अरे, तुमचं मागचं दार वाऱ्यानं आपटत होतं. कडी निघालीये. मी दोरीनं बांधून टाकलंय, येशील तेव्हा सुताराला दाखव." बास, एवढंच. ठेवला फोन.

आता त्या घरात सहा वर्षं कोणी राहत नाही. आई-वडील गेले, शेत आधीच विकलेलं, भावंडं नाहीत. व्यवहाराने बघितलं तर माझा आणि त्या गावाचा संबंध संपल्यात जमा आहे. पण फोन ठेवल्यावर मी चक्क रडलो, बायको घाबरली, तिला वाटलं कोणी गेलं की काय. आणि गंमत म्हणजे हाच मी अठराव्या वर्षी तिथून कधी एकदा सुटतोय असं झालेला मुलगा होतो, बस सुटली तेव्हा मागे वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

तर प्रश्न असा की ही ओढ नक्की कशाची असते? जमिनीची, माणसांची, की आपल्या लहानपणाची? प्लीज "शुद्ध हवा, मोकळं आकाश" सांगू नका, आमच्याकडे आठ महिने धूळ असते. आणि जे तिथेच राहिलेत त्यांना पण ओढ वाटते का, की ती फक्त आमच्यासारख्या पळालेल्यांची चैन आहे?

रानवारा

राहिलेल्यांपैकी मी एक. सांगतो.

तुम्ही रडलात कारण तुम्ही तिथे नव्हता. मी असतो तर शिव्या घातल्या असत्या, झोपमोड झाली म्हणून. आम्हाला ओढ वगैरे शब्द सुचत नाही, माशाला पाण्याबद्दल विचारल्यासारखं आहे ते. पण दोन दिवस बाहेर गेलो की चैन पडत नाही हे खरं आणि त्याचं कारण मला माहितीये, माझ्याशिवाय तिथे काहीतरी अडणार असतं. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह आहे आमच्याकडे, त्याचा आटा गेलाय, तो पूर्ण फिरवला की गळतो, पाव आटा मागे घ्यावा लागतो आणि ते हाताला कळावं लागतं. हे कळणारी गावात दोन माणसं. एक मी आणि दुसरा सत्तरीचा. मग जाऊन जाऊन जाणार कुठे?

उंटावरचा_शहाणा

म्हणजे तुमचं गावावरचं प्रेम एका खराब व्हॉल्व्हवर टिकून आहे :) नवीन बसवला तर मोकळे व्हाल की.

रानवारा

हसा. पण नवीन बसवायचं ठरलं तेव्हा मलाच आतून कसंतरी झालं होतं. खोटं नाही सांगत.

मोजपट्टी

छान धागा. जरा पुस्तकी प्रतिसाद देतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

या विषयावर समाजशास्त्रात बरंच जुनं भांडण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फर्डिनांड ट्योनीस या जर्मन अभ्यासकाने (१८८७) जिव्हाळ्याचा समूह आणि व्यवहाराचा समाज अशी विभागणी केली, नंतर शिकागोच्या लुई वर्थने १९३८ मध्ये मांडलं की वस्ती मोठी आणि दाट झाली, तऱ्हेतऱ्हेची माणसं एकत्र आली की नाती वरवरची होतात. म्हणजे छोटं गाव = ओढ, मोठं शहर = परकेपणा, असं सरळ गणित. मग १९७४ मध्ये कसार्डा आणि जॅनोविट्झ या दोघांनी इंग्लंडमधल्या एका मोठ्या सर्व्हेचा डेटा घेऊन हे गणित तपासलं. तर निघालं काय, की लोकसंख्या आणि दाटी यांचा ओढीशी फारसा संबंधच लागेना. संबंध लागला तो माणूस तिथे किती वर्षं राहतोय याच्याशी. वर्षं वाढली की ओळखी वाढतात, मैत्री होते, नातेवाईक होतात, चार कामांत माणूस गुंततो आणि त्यातून जागा आपली वाटायला लागते.

म्हणजे गाव छोटं असल्यामुळे ओढ लागते हा आपला आवडता समज तितकासा टिकत नाही.

उंटावरचा_शहाणा

वर्षांचंच असेल तर जन्मठेपवाल्याला तुरुंगाची सगळ्यात जास्त ओढ असायला हवी.

मोजपट्टी

प्रश्न चांगला आहे, कुत्सितपणे विचारला असला तरी :) म्हणूनच नुसती वर्षं मोजून भागत नाही, त्या वर्षांत काय घडलं ते बघावं लागतं. आणि आणखी एक, शहरातल्या गल्लीलाही ही ओढ असतेच. बॉस्टनमधली वेस्ट एंड नावाची कामगार वस्ती १९५० च्या दशकाच्या शेवटी 'सुधारणा' म्हणून पाडली, लोकांना दुसरीकडे हलवलं. मार्क फ्रीड नावाचा मानसशास्त्रज्ञ त्या लोकांशी बोलला आणि १९६३ मध्ये त्याने लिहिलं की बऱ्याच जणांची अवस्था घरातलं माणूस गेल्यावर होते तशी होती, शब्दशः शोक. वस्ती गरिबांची होती, कागदावर तिला गलिच्छ ठरवलेलं होतं. तरीही.

ओसरी

वर्षांच्या मुद्द्यावर मी बोलते कारण मी या गावात जन्मले नाही, लग्न करून आले, त्याला तेवीस वर्षं झाली. पहिली नऊ वर्षं मला कोणी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही, अमक्यांची सून आणि नंतर तमक्याची आई एवढंच. घर होतं, माणसं वाईट नव्हती, पण संध्याकाळी दिवे लागले की मला माहेरच्या गल्लीतले दिवे आठवायचे. ओढ तिकडची, राहणं इकडचं. अर्ध्या जगातल्या बायकांचं हेच असेल, त्यांना कुठल्या सर्व्हेत कसं बसवतात देव जाणे.

मग गावातलं बंद पडलेलं वाचनालय आम्ही चार जणींनी उघडलं. चार कपाटं, एक टेबल, छपराला एक भोक. उघडझाप कोणी करायची तर माझं घर समोर म्हणून किल्ली माझ्याकडे आली, पितळेची, बोटभर लांब, अजून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली असते. दुपारी दारात पोरं उभी राहायला लागली, "किल्ली द्या". नाव नाही, काकू नाही, नुसतं "किल्ली द्या". हळूहळू मी किल्लीवाल्या काकू झाले. आणि एकदा माहेरी गेले असताना चौथ्या दिवशी माझ्या मनात आलं, अरे, पोरं दाराशी येऊन परत जात असतील. त्या दिवशी मला कळलं की माझी गाडी रुळ बदलून गेलीये.

रानवारांचा व्हॉल्व्ह आणि माझी किल्ली एकच आहे बघा.

आडवाट

ओसरी, काय लिहिलंत हो. "रुळ बदलून गेलीये" वाचून थांबलो दोन मिनिटं.

कंदील

+१. किल्ली भारी.

मोजपट्टी

ओसरी यांनी सांगितलं त्याला १९८६ च्या एका मांडणीत बरोब्बर जागा आहे. मॅकमिलन आणि शाविस या दोन मानसशास्त्रज्ञांनी 'आपण एका समूहाचे आहोत' या भावनेचे चार भाग सांगितले: आपण आतले आहोत ही खात्री, आपल्या शब्दाला तिथे वजन असणं, एकमेकांच्या गरजा भागणं आणि सोबत जगलेल्या गोष्टी. लोक बोलताना पहिल्या आणि चौथ्याबद्दलच बोलतात. आपलेपणा, आठवणी, जुने दिवस. दुसरा भाग विसरतात. माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, ज्या जागेवर आपला काही परिणाम होत नाही तिथे आपण पाहुणेच राहतो, पन्नास वर्षं राहिलो तरी.

उंटावरचा_शहाणा

तुरुंगाचं उत्तर मिळालं. मागे घेतो. (अर्धं.)

नवखी

मी उलट्या दिशेने आलेली. नवरा-बायको दोघं घरून काम करतो, तीन वर्षांपूर्वी ठरवून एका लहान गावात राहायला आलो. प्रामाणिकपणे सांगते, आम्ही जागेच्या प्रेमात पडून आलो. मागे टेकडी, समोर ओढा, सकाळी इतके पक्षी की अलार्म लागत नाही. तुम्ही शुद्ध हवा सांगू नका म्हणता पण काही लोकांना खरंच हवाच ओढून आणते. ते प्रेम कमी दर्जाचं आहे का?

रानवारा

दर्जा वगैरे नाही हो. पण ओढा आवडणाऱ्या माणसाला ओढा कोरडा पडला की दुसरा ओढा सापडतो.

नवखी

हे लागलं जरा. पण खरं असेल.

मोजपट्टी

रानवारा, थोडं सबुरीने. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तरेला तळ्यांचा प्रदेश आहे, तिथे रिचर्ड स्टेडमन या अभ्यासकाने कायम राहणारे आणि फक्त सुट्टीत येणारे घरमालक यांची तुलना केली होती (२००६). सगळ्यांना वाटेल की कायम राहणाऱ्यांची ओढ जास्त. निघालं उलटं, सुट्टीवाल्यांची ओढ जास्त भरली! फरक ओढ कशाला बांधलेली आहे त्यात होता. सुट्टीवाल्यांची तळ्याला, निसर्गाला, रोजच्यापासून सुटकेला. राहणाऱ्यांची शेजाऱ्यांना आणि गावातल्या नात्यांना.

त्यामुळे दोघांना गाव 'वाचवायचं' असतं पण वेगवेगळं गाव. एकाला नवा रस्ता हवा असतो, दुसऱ्याला त्या रस्त्याने तळ्याचा देखावा बिघडेल ही भीती. आणि दोघंही एकमेकांना म्हणतात, तुला गावाची काही पडलेली नाही.

रानवारा

हे मात्र शंभर टक्के. आमच्याकडे रस्त्यावरून हेच झालं, नाव घेत नाही. मीटिंगमध्ये एक साहेब म्हणाले कच्चा रस्ताच छान दिसतो. मी म्हटलं, रात्री बाळंतपणाची गाडी रुतली की छान दिसतो का बघायला या.

पायरी

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते.

सगळ्यांचं गाव फार प्रेमळ दिसतंय इथे. आडवाट, तुमच्या दाराला दोरी बांधणारे आबा तुम्हाला मिळाले याचा मला आनंद आहे, खरंच. आमच्या घराची भिंत पावसात पडली तेव्हा सगळ्या गावाला दिसत होती. बाबांनी आणि मी दोघांनी मिळून पत्रा लावला, मी अकरा वर्षांची होते, पत्र्याची कड हाताला लागली, तो व्रण अजून आहे. कोणी आलं नाही. वैर नव्हतं कोणाशी. आम्ही त्यांच्या 'आपल्यात' नव्हतो, बास.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना गावाबद्दल जे म्हटलं ते गावाचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा शांतपणे वाचावं. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर, अशा अर्थाचं ते बोलले, आणि मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला एकक मानलं याबद्दल समाधान व्यक्त केलं. त्यांना गाव कमी माहिती होतं का? उलट आतून बाहेरून माहिती होतं.

सगळे सगळ्यांना ओळखतात हे ज्याचं नाव चांगलं आहे त्याला उबदार वाटतं. ज्याच्यावर शिक्का बसलाय त्याच्यासाठी तीच ओळख पहारा असतो. मी शहरात आले आणि पहिल्यांदा बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईने माझं आडनाव विचारलं नाही, तो दिवस मला माझ्या जन्मगावापेक्षा जवळचा आहे.

आडवाट

पायरी, तुमच्या प्रतिसादावर काय लिहावं कळत नाही. मी आबांबद्दल लिहिलं तेव्हा हे मनात आलं नव्हतं, आणि यायला हवं होतं. आमच्या गावातही अशी घरं होती जिथे कोणी दोरी बांधायला गेलं नसतं. मी लहान होतो, मला दिसत होतं, विचार केला नाही. एवढंच म्हणतो.

पायरी

माफीसाठी नाही लिहिलं. धाग्यात नोंद असावी म्हणून लिहिलं. आणि एक विचित्र गोष्ट पण सांगते, मला आवडत नाही ती पण खरी आहे. त्या गावाच्या बाहेर एक खडक होता, त्यावर बसून मी अभ्यास करायचे. तो स्वप्नात येतो. माणसं कधीच येत नाहीत, खडक येतो.

ओसरी

अगं... (काही लिहीत नाही.)

कंदील

मी निवृत्त शिक्षक. बत्तीस वर्षं गावच्या शाळेत काढली. आता एक कबुली देतो.

दरवर्षी जे पोर हुशार दिसायचं त्याच्या पाठीवर हात ठेवून मी एकच सांगायचो, इथे राहू नकोस, बाहेर पड. आणि जे मागे पडायचं त्याच्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत आम्ही म्हणायचो, हे काय, इथेच राहील. 'इथेच राहील' ही आमच्याकडे नापासाची श्रेणी होती. बत्तीस वर्षं मी पोरांना शिकवलं की गाव म्हणजे हरलेल्यांची जागा, आणि मग निवृत्त झाल्यावर भाषणं करायला लागलो की तरुणांना गावाची ओढ राहिली नाही. शाळा बंद झाली, पट नाही म्हणून. फळा अजून भिंतीला आहे, त्यावर शेवटची तारीख तशीच आहे. मीच पुसू दिली नाही.

मोजपट्टी

कंदील सर, हे फक्त तुमच्याकडचं नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका लहान गावात पॅट्रिक कार आणि मारिया केफालास हे दांपत्य जाऊन राहिलं होतं, गावं रिकामी का होतात हे शोधायला. २००९ मध्ये त्यांनी जे मांडलं त्याचा गाभा तुमच्या कबुलीसारखाच आहे. गावातले शिक्षक आणि मोठी माणसंच हुशार मुलांवर सगळा वेळ आणि पैसा घालतात आणि त्यांना बाहेर पाठवतात. जे राहणार, ज्यांच्या जिवावर गाव पुढे चालणार, त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

रानवारा

मी सरांच्या 'इथेच राहील' वाल्यांपैकी. सरांच्या नाही, दुसऱ्या सरांच्या. पण तीच श्रेणी. राग नाही आता. एवढंच की मला गाव आवडतं म्हणून मी राहिलो हे आजपर्यंत कोणी मान्य केलेलं नाही, सगळ्यांना वाटतं जमलं नाही म्हणून राहिला.

कंदील

तुमचा प्रतिसाद वाचला. दोनदा वाचला.

शाळेवरून एक आठवलं. जपानमध्ये शिकोकू बेटावर नागोरो नावाचं डोंगरातलं गाव आहे. त्सुकिमी आयानो नावाच्या बाई वडिलांना सांभाळायला तिथे परत आल्या, शेतात बुजगावणं केलं ते वडिलांसारखं दिसायला लागलं. मग गावातलं कोणी वारलं किंवा सोडून गेलं की त्या माणसाएवढी बाहुली करून ठेवायला लागल्या. बसथांब्यावर वाट बघणारी, शेतात वाकलेली. आता तिथे माणसांपेक्षा बाहुल्या कितीतरी जास्त आहेत. शाळा २०१२ मध्ये बंद झाली, वर्गात बाकांवर बाहुल्या बसलेल्या आहेत. लोक फोटो बघून भीतीदायक म्हणतात. मला नाही वाटलं तसं. मला वाटलं ही बाई हजेरी घेतेय.

उंटावरचा_शहाणा

चेष्टा बाजूला ठेवतो. पण एक विचारायचंय, ओढ असेल तर माणसं जातात कशाला? इतकं प्रेम आहे तर राहा ना. जगात २००७ च्या आसपास शहरात राहणारे गावातल्यांपेक्षा जास्त झाले म्हणे. मग हे सगळे बिनओढीचे?

मोजपट्टी

स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर समुद्रात सेंट किल्डा नावाची बेटं आहेत. शेकडो वर्षं वस्ती होती तिथे. कड्यांवर चढून समुद्रपक्षी पकडणारी माणसं. हळूहळू तरुण निघून गेले, शेवटी ३६ जण उरले. इतकी थोडी माणसं की होडी ओढायला, छप्पर शाकारायला हात पुरेनात. मग त्यांनी स्वतःच सरकारला लिहून दिलं की आम्हाला इथून हलवा. २९ ऑगस्ट १९३० ला सगळे जहाजावर चढले. असं सांगतात की निघताना घराघरात त्यांनी बायबल उघडून ठेवलं आणि शेजारी ओट या धान्याची छोटी रास, आणि दारं लावून घेतली.

ओढ नव्हती असं म्हणाल का? ओढ होती, हात नव्हते. मला वाटतं या धाग्यावर आपण जी गोष्ट चघळतोय तिचं उत्तर यात थोडं आहे. एकमेकांवाचून अडणं हीच जर ओढ असेल तर ती टिकायला ज्यांचं अडतं आणि ज्यांच्यावाचून अडतं अशी पुरेशी माणसं लागतात. त्या आकड्याखाली गेलं की प्रेम उरतं आणि गाव उरत नाही.

नवखी

दारं लावून घेतली... आडवाटांच्या दाराची आठवण आली.

उंटावरचा_शहाणा

मान्य. (या वेळी पूर्ण.)

रानवारा

अजून एक प्रकार राहिला. न जाता गाव जाणं. आमच्या घरासमोर जो डोंगर होता तो गेली सात वर्षं खडीसाठी फोडतायत. आता अर्धा आहे. सूर्य उगवायची जागा बदलल्यासारखी वाटते, आधी डोंगराआडून यायचा त्यामुळे उशीर व्हायचा, आता सहालाच डोळ्यावर. आई पंच्याऐंशीची आहे, कोणी तिला कुठे हलवलेलं नाही, त्याच खाटेवर, त्याच ओट्यावर बसते आणि म्हणते, मला घरी सोड. डॉक्टर म्हणतात विसरभोळेपणा. मला वाटतं तिला बरोबर आठवतंय.

मोजपट्टी

यासाठी एक शब्द तयार झालाय, सोलास्टॅल्जिया. ग्लेन अल्ब्रेख्त या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने २००३ मध्ये काढला. न्यू साऊथ वेल्समधल्या हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणींनी सगळा परिसर बदलला, वर दुष्काळ, आणि तिथले लोक घर न सोडताच घराची आठवण काढत होते. जुना शब्द होता नॉस्टॅल्जिया, तो १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने चक्क आजाराचं नाव म्हणून काढला, परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांचा आजार. ग्रीकमध्ये नोस्तोस म्हणजे परतणं, आल्गोस म्हणजे वेदना. तिथे निदान उपाय होता, घरी पाठवा. तुमच्या आईंच्या आजारावर घरी पाठवायलाही जागा नाही. आपल्याकडे शब्द नाही यासाठी, असायला हवा.

ओसरी

शब्द कशाला. "मला घरी सोड" हाच.

पायरी

रानवारा, आईंना माझा नमस्कार सांगा.

रानवारा

सांगतो. तुम्ही कोण विचारेल. काय सांगू?

पायरी

खडकावर बसणारी म्हणा.

आडवाट

गावाला जाऊन आलो, म्हणून अपडेट. कडी बसवली. सुतार आला, त्याने दोरी कापली आणि फेकायला निघाला तर मी घेतली, बायको म्हणाली कशाला हा पसारा. ड्रॉवरमध्ये आहे.

आबांना विचारलं, इतक्या रात्री कशाला उठलात. म्हणाले, "आवाज येत होता ना." मी इतके दिवस ज्याच्यावर डोकं खातोय त्यावर त्यांचं एवढंच म्हणणं. मग मी पायरींचा प्रतिसाद मनात धरून विचारलं, ओढ्यापलीकडच्या घरांचं दार आपटलं असतं तर गेला असता का? गप्प बसले. बराच वेळ. मग म्हणाले, तिथून आवाज येत नाही इतक्या लांब. आणि थोड्या वेळाने स्वतःच, "तितक्या लांब कुणी ठेवलं त्यांना, आम्हीच की." एवढं बोलून उठून गेले. मला वाटलं चिडले. संध्याकाळी येऊन बसले परत.

पायरी

हं.

आबांना नमस्कार नाही सांगत. पण वाचलं मी.

नवखी

मी शेवटी एक लिहिते कारण आजच घडलं, झोपही झालेली नाही.

रात्री दोनला दारावर थाप. समोरच्या घरातला मुलगा, गाय अडलीये, बॅटरी धरायला माणूस हवाय, घरात तो आणि त्याची आजी दोघंच. नवरा बाहेरगावी, म्हणून मीच गेले, चप्पल उलटसुलट. मला गाईंचं काहीही कळत नाही. तीन वर्षांत कोणी कशाला बोलावलं नव्हतं, नमस्कार-चमत्कार सगळं गोड पण कामाला कोणी हाक मारली नव्हती, आणि मी हे इथे वाचेपर्यंत ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

दोन तास बॅटरी धरली. आजी सारखी ओरडत होती, "वर धर, वर, माझ्या डोळ्यात नको!" वासराचे पाय आधी दिसले, मग बराच वेळ काहीच नाही, मग मुलाने आणि आजीने मिळून कळेबरोबर ओढलं आणि ते सगळं एकदम बाहेर घसरलं, मी बॅटरी टाकली हातातून. आजी अंधारात म्हणाली, "ही कोण आणलीस रे?" आणि मग हसली.

चारला वासरू उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं. हात धुताना आजीने विचारलं, "उद्या आहेस ना गं घरी? मला औषधाला दवाखान्यात जायचंय, त्याला शाळा आहे, गाईकडे बघायला कोणी नाही."

मी आत्ता तिथेच बसलेय, गोठ्यात. नेट बरं आहे इथे.